मांडीवरचा प्रवासी

मुलाला बसायला जागा मिळण्याविषयीची आपल्या परंपरेतील सर्वांत परिचित कथा ध्रुवाची आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला असतो. ध्रुवही तेथे बसू पाहतो आणि सावत्र आई सुरुची त्याला अडवते. पुढचे तप आणि अढळपद सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून रंगते. तथापि तिच्या मुळाशी मांडीवर बसण्याचा अधिकार कोणाचा, हा अगदी व्यावहारिक प्रश्न आहे. मराठी भाषेने त्याची आठवण जपली आहे. दत्तक घेण्याला आपण ‘मांडीवर घेणे’ म्हणतो. ओटीत घालणे, पदरात घेणे, कडेवर घेणे, पाठुंगळीला मारणे, खांद्यावर बसवणे अशी मुलाला सामावून घेणाऱ्या देहाच्या जागांची मोठीच नामावळी आपल्याकडे आहे. भाषेत मांडी ही हक्काची जागा आहे.

प्रवासाच्या नियमांत मात्र याच शब्दाचा अर्थ उलटा होतो. तेथे ‘मांडीवरचे मूल’ म्हणजे ज्याला जागा दिलेली नाही असे मूल. आगबोट, एस.टी., रेल्वे आणि विमान या चारही वाहनांनी दोन-तीन वर्षांच्या मुलाची जागा कशी ठरवली, याचा मालवण किनाऱ्याच्या संदर्भात विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु कोकणाच्या इतिहासात स्थलांतराला जे स्थान आहे ते लक्षात घेतले, तर या स्थलांतराचा निम्मा भार कोणी वाहिला, याचे उत्तर बहुधा अशाच किरकोळ तपशिलांत सापडेल.

आगबोट

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता आणि मुंबईशी त्याचा संबंध प्रामुख्याने समुद्रमार्गे होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी किनाऱ्याने चालत. तिच्या स्पर्धेत स्वदेशी भांडवलावर जी बोट कंपनी निघाली तिला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे होती. मुंबई ते पणजी हा प्रवास साधारण चोवीस तासांचा. देवगड, मालवण, वेंगुर्ले ही वाटेतली बंदरे. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे कोकणी माणसाचे येणे-जाणे ऋतूशी बांधलेले होते.

या बोटीतून जाणारे सर्वांत लहान प्रवासी कोण असत? त्याचे उत्तर आपल्या चालीरीतींत आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. नवरा गिरणगावात, सून गर्भारपणी गावी आलेली, आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की मायलेकरांची पाठवणी मुंबईला. कोकणातल्या कित्येक मुलांचा पहिला लांबचा प्रवास असा आईच्या मांडीवरून, समुद्रावरून झाला.

मालवणसारख्या बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय ठेवायचा, तोही कडेवर मूल घेऊन, हे बाईमाणसाला एकटीने जमण्यासारखे नव्हते. मूल खलाशांच्या हातांतून वर जाई आणि आई मागून चढे. वर गेल्यावर पहिले काम जागा धरण्याचे. डेकवर क्रमांकाची जागा नसे. ज्याची वळकटी आधी पसरली गेली त्याची ती जागा. मूल असलेल्या बाईला वाऱ्याच्या आडोशाला, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, आणि ‘बोट लागलेल्या’ माणसांच्या शेजारापासून शक्य तितके लांब बसायचे असे. नातेवाईक किंवा गाववाला आधी चढून चटई टाकी. जागेचे आरक्षण असे ओळखीवर आणि वळकटीवर चाले.

या व्यवस्थेत एक माणुसकी होती, हे मान्य करावे लागते. चटईला कडा असतात, पण त्या ताणता येतात. मूल रांगू लागले तर शेजारची चटईही त्याचीच होई. डेकवरचे मूल मांडीला जखडलेले नव्हते. मात्र या सैलपणाची दुसरी बाजूही होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मालवणच्या मार्गावरची ही बोट नव्हती. तरी किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने त्या दिवसापासून बोटीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. आईची मिठी ही मुलाची सर्वांत सुरक्षित जागा, ही समजूत शांत पाण्यापुरती खरी असते. हा मुद्दा पुढे विमानाच्या संदर्भात पुन्हा येईल.

मनोरमेचा प्रवास

किनाऱ्याची बोट एका दिवसाची. मुंबई बंदरातून महिनाभराच्या बोटीही सुटत, आणि त्यांतल्या एका बोटीत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असे एक लहान मूल होते. एप्रिल १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. पती बिपिनबिहारी मेधावी फेब्रुवारी १८८२ मध्ये निवर्तलेले. सोबतीला आनंदीबाई भगत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नव्हते. तरीही मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार आठवडे, हा प्रवास चालला.

याच एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, हा योगायोग लक्षणीय आहे. आनंदीबाईंचे बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या त्यांच्या निश्चयामागे ते दुःख होते असे मानले जाते. एका मराठी स्त्रीचा प्रवास गमावलेल्या मुलामुळे सुरू झाला, तर दुसरीचा मुलाला सोबत घेऊन. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही अटलांटिकवर मनोरमा सोबत होती. ती पाच वर्षांची व्हायची होती.

रमाबाईंवर आपण धर्मांतराच्या, समाजसुधारणेच्या आणि स्त्रीशिक्षणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ही पुस्तके अभ्यासक्रमांतून वाचली जातात. परंतु ज्या विधवेला एकटीने समुद्र ओलांडल्याबद्दल समाज दूषणे देत होता ती वस्तुतः एकटी नव्हती. तिच्याबरोबर एक रांगून नुकतेच चालायला लागलेले मूल होते, आणि त्या मुलाचे खाणे, झोपणे, आजारपण हे त्या प्रवासाचे रोजचे काम होते. या गोष्टीचा विचार आपल्या समीक्षेत फारसा होत नाही. मूल हे चरित्रातील तपशील ठरते. प्रवासाचा घटक ठरत नाही.

आजच्या विमान कंपन्यांच्या नियमाने पाहिले तर मनोरमेचा प्रवास आणखी अर्थपूर्ण वाटतो. दोन वर्षे पूर्ण होताच मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. म्हणजे मनोरमा आज निघाली असती, तर आईच्या मांडीवरचा तिचा हक्क नुकताच संपलेला असता.

एस.टी. आणि रेल्वे

स्वातंत्र्यानंतर कोकणचा प्रवास हळूहळू रस्त्यावर आला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. सुरू झाली, आणि पुढच्या दशकांत ती घाट उतरून वाडीवाडीपर्यंत पोहोचली. बोट वाहतूक १९८०च्या दशकात संपुष्टात आली. मालवण ते मुंबई हे पाचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर, रात्रभराची गाडी, आणि तीन-दोनच्या रचनेची बाके. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि जागाही नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. गाडीत ‘स्त्रियांसाठी’, ‘अपंगांसाठी’, ‘विधानसभा सदस्यांसाठी’ अशी अक्षरे आसनांवर रंगवलेली असत. मूल घेतलेल्या बाईचे आरक्षण ‘जरा सरकून घ्या’ या तीन शब्दांत होई, आणि बहुतेक वेळा लोक सरकत असत.

‘अर्धे तिकीट’ या कल्पनेने आपल्या लोकसंस्कृतीत चांगलेच घर केले आहे. वय विचारले तर किती सांगायचे, याची शिकवणी मुलांना घरातून निघतानाच मिळे. १९६२च्या ‘हाफ टिकट’ या हिंदी चित्रपटात किशोरकुमार रेल्वेचे पैसे वाचवण्यासाठी लहान मुलाचे सोंग घेतो, ती गंमत याच अनुभवावर उभी आहे. या कल्पनेचा नवा अध्याय अलीकडचा आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.ने सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. आता आई अर्धी आणि मांडीवरचे मूल शून्य. दोन जीवांचा मिळून अर्ध्या माणसाचा हिशेब होतो, आणि आसन एकच लागते. सवलतीमुळे हजारो बायकांना माहेरी जाणे सोपे झाले, यात शंका नाही. तिचे स्वागत करतानाच हे गणितही नोंदवून ठेवावेसे वाटते.

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारख्या खासदारांनी ज्या मागणीचा दीर्घ पाठपुरावा केला ती अशी पूर्ण झाली. मालवण या मार्गावर नाही. मालवणकर कुडाळला, कणकवलीला किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरतो. तरीही लहान मुलाच्या दृष्टीने रेल्वेने मोठा फरक केला. आडवे होता येऊ लागले. एका शायिकेवर मायलेकरू दोघेही झोपतात. आई कडेला, मूल भिंतीकडे. जागा पुरली नाही तर लुगड्याची किंवा साडीची झोळी दोन शायिकांच्या मध्ये बांधली जाते. झोका गाडीच द्यायची. रेल्वेच्या नियमपुस्तकात या झोळीला स्थान नाही. तिची रचना ठाऊक असलेल्या बायका मात्र डब्याडब्यात आहेत.

रेल्वेने ही गरज फार उशिरा ओळखली. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या शायिकेला जोडलेली लहान मुलांची शायिका प्रयोग म्हणून बसवण्यात आली. दरम्यान एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र शायिका हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. अर्धे तिकीट उरले ते शायिकेशिवायच्या प्रवासापुरते. पाच वर्षांखालील मूल विनातिकीट जाते, पण पालकांना हवी असल्यास पूर्ण भाडे भरून त्याच्यासाठी शायिका घेता येते, असा खुलासा रेल्वेने ऑगस्ट २०२२ मध्ये केला. थोडक्यात, मांडी फुकट आणि जागा पूर्ण किमतीची. या दोहोंच्या मध्ये काही नाही.

विमान

९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी येथे सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला. जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्यातील मोपाचा विमानतळही वापरात आला. परंतु सिंधुदुर्गातील कुटुंबांचा लांब पल्ल्याच्या विमानाशी संबंध त्याहून जुना आहे. आखातात गेलेले तंत्रज्ञ आणि कामगार, जहाजांवरचे खलाशी, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंग्लंड-अमेरिका-कॅनडात स्थिरावलेली मुले यांच्यामुळे तो घडला. बाळंतपणाची दिशाही आता उलटली. पूर्वी लेक माहेरी येई. आता आजी लेकीकडे जाते आणि नातवंड वर्ष-दीड वर्षाचे झाले की कुलदैवताला, गणपतीला, आजोबांना दाखवायला गावी आणले जाते.

या प्रवासात जागेचा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड होतो, कारण येथे सरकून घेण्याची सोय नाही. दोन वर्षांखालील मूल मांडीवर, आंतरराष्ट्रीय मार्गांवर साधारणतः प्रौढ भाड्याच्या दहा टक्के भाड्याने. विभाजक भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत भिंतीला लावायचा पाळणा मिळतो, पण तो मोजक्याच ठिकाणी लागतो, आधी सांगून ठेवावा लागतो, आणि त्याला वजनाची व लांबीची मर्यादा असते. बऱ्याच कंपन्यांची वजनमर्यादा दहा-अकरा किलोच्या आसपास आहे. विमान वर चढताना, उतरताना आणि हवेत हादरे बसू लागले की मुलाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावेच लागते. शिवाय आसनांच्या प्रत्येक गटामागे प्राणवायूचा सहसा एकच मुखवटा जादा असतो, म्हणून एका गटात मांडीवरची दोन मुले बसवता येत नाहीत. जुळ्यांच्या आईबापांना वेगळे बसावे लागते ते यामुळे.

सर्वांत कठीण काळ दीड ते दोन वर्षांच्या मधला. मूल पाळण्यात मावत नाही आणि नियमाने त्याला आसनाची सक्ती नाही. मुंबई-न्यूयॉर्कसारखा पंधरा-सोळा तासांचा प्रवास अकरा-बारा किलोचे, चालायला शिकलेले, झोपेने चिडलेले मूल मांडीवर घेऊन करायचा असतो. ज्यांना परवडते ते तिसरे आसन घेतात आणि विमानात चालणारी मुलांची खुर्ची बरोबर नेतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापैकी कोणाच्या मांडीवर मूल किती तास असते, हे निराळे सांगायला नको. भारतात एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक आदेश काढला: एकाच नोंदणीवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आसन मिळालेच पाहिजे. मनाजोग्या आसनासाठी जादा पैसे आकारण्याच्या काळात आईशेजारी मूल बसवण्यासाठीही आदेश काढावा लागतो, ही घटना बोलकी आहे.

मांडीच्या सुरक्षिततेचा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान सू सिटी येथे कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना आईबापांच्या पायांशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यांतील एक दगावले. ती सूचना देणाऱ्या मुख्य परिचारिका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन व पट्टा असावा यासाठी प्रयत्न केले. अपघात तपासणाऱ्या मंडळानेही तीच शिफारस केली. परंतु २००५ मध्ये तेथील विमान प्रशासनाने सक्ती नाकारली. कारण असे दिले की आसन विकत घेण्याची सक्ती केली तर अनेक कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुले मरतील.

हा युक्तिवाद निष्ठुर वाटला तरी सहज मोडून काढण्यासारखा नाही. त्याचे कोकणी रूपांतर करून पाहावे. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला एस.टी.त तिकीट सक्तीचे केले असते तर किती सुना माहेरी जाऊ शकल्या असत्या? फुकट मांडीनेच गरीब आईला प्रवास करू दिला. म्हणून मांडीचा नियम रद्द करावा, अशी भूमिका घेता येत नाही. परंतु ही सवलत वाहतूक संस्था आपल्या खिशातून देत नाहीत. तिची किंमत आईची पाठ, हात आणि झोप यांतून वसूल होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर आपला मोटार वाहन कायदा मोटारीतील मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची बंधनकारक करतो. विमानात तेच मूल कायदेशीरपणे हातांत धरलेले असते. या दोन नियमांच्या मधल्या पोकळीत आईचे शरीर उभे आहे. मुलासाठी ऐच्छिक पण सवलतीचे आसन, पूर्ण आणि शून्य यांच्या मधली एखादी किंमत, ही मागणी त्यामुळे केवळ सोयीची राहत नाही.

मोकळे हात

आता वाङ्मयाकडे वळू. प्रवासवर्णन या प्रकाराचा इतिहास शिकवताना आपण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून निघतो, अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाशी थांबतो, गंगाधर गाडगीळ आणि पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत येतो. या पुस्तकांचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. त्यांत एक समान गोष्ट आहे: लिहिणाऱ्याचे हात मोकळे आहेत. तो खिडकीतून पाहू शकतो, सहप्रवाशाशी गप्पा मारू शकतो, वहीत टिपण करू शकतो. प्रवासवर्णनाची आपण शिकवतो ती लक्षणे, म्हणजे निसर्गाचे अवलोकन, व्यक्तिदर्शन, चिंतन, ही मोकळ्या हातांची लक्षणे आहेत. ज्या प्रवाशाच्या मांडीवर मूल आहे तिच्या दृष्टीच्या टप्प्यात बहुधा दुधाची बाटली, ओले दुपटे आणि शेजाऱ्याचा चेहरा एवढेच येते. ते अवलोकन नव्हे काय?

असे लेखन मराठीत अगदीच नाही असे नाही. ते प्रवासवर्णनाच्या कपाटात नाही इतकेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये प्रवास आहेत आणि मूल सोबत आहे, आपण ते आत्मचरित्र म्हणून शिकवतो आणि प्रवासाच्या तासाला विसरतो. रमाबाईंची प्रवासपुस्तके शिकवतो आणि मनोरमा विसरतो. पाठ्यपुस्तकांच्या वर्गवारीनेही मुलाला स्वतंत्र आसन दिलेले नाही.

सिंधुदुर्गातील महाविद्यालयांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष काम करता येण्यासारखे आहे. बोटीने मुंबईला गेलेल्या स्त्रियांची शेवटची पिढी आता उतारवयात आहे. बोट कोणती, पडावात मूल कोणी धरले, चटई कोठे टाकली, रात्री दूध कसे गरम केले, मूल रडले तेव्हा कोण सरकले आणि कोण रागावले, एवढे पाच-सहा प्रश्न घेऊन घरोघर गेले तरी प्रवासाचा एक निराळा इतिहास लिहून होईल. या स्त्रिया सहसा म्हणतील की आम्ही कुठे प्रवास केला, आम्ही फक्त पोराला घेऊन गेलो. लिहून घेण्याची सुरुवात त्याच वाक्यापासून करावी.